कागदात गुंडाळलेल्या गोळ्या

औषधांच्या दुकानदाराने माझ्या मुलीच्या गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, बायकांचे पॅड गुंडाळून देतात तशा. शेजारच्या काकांची खोकल्याची बाटली मात्र काउंटरवर उघडीच होती. "कागद कशाला?" मी विचारलं. "असू दे ताई, लोक बघतात," तो हळूच म्हणाला. त्याच्या त्या समजूतदार चेहऱ्याची मला किळस आली.

सायलीला बायपोलर आहे. कधी आठवडाभर ती झोपतच नाही, अखंड बोलत सुटते. मग कित्येक दिवस वेणी घालायलाही उठत नाही. सोळा वर्षांची पोर हे सगळं पेलते आहे आणि जाऊबाई मला बजावतात, "लग्न जमेपर्यंत कुठे बोलू नकोस." समोरच्या वहिनी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला येतात. त्यांच्या नवऱ्याला मधुमेह आहे, त्याची दृष्ट त्यांनी कधी काढली नाही. साखर वाढली तर तो आजार आणि मन बिघडलं तर घराण्याची बेअब्रू! शिसारी येते या माणसांची.

घरी आल्यावर मी तो कागद टराटरा फाडला आणि गोळ्या नेहमीच्या जागी, तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या. सायली ओट्याशी उभी होती.

"आई, तुझी थायरॉइडची बाटली फ्रिजवर असते," ती म्हणाली. "मग माझ्याच गोळ्या डब्यामागे का?"

मी तांदळाचा डबा नीट सरकवला. मग माझ्या तोंडून अगदी समजूतदारपणे निघालं, "असू दे गं, लोक बघतात."