न चिकटलेला गणपती

मी विमा कंपनीत आहे, मोटार क्लेमच्या खात्यात. सव्वीस वर्षं लोकांच्या ठोकलेल्या गाड्या बघतोय. माणूस शपथेवर सांगतो की गाय आडवी आली, आणि मी पत्र्याकडे बघून सांगतो की गाय नव्हती, गेटचा खांब होता. या विद्येचा मला भारी गर्व होता. तो कसा उतरला ते लिहायला बसलोय. लिहून हलकं वाटेल असं काही नाही. पण बायको म्हणते, त्या गाडीत बसलं की तुम्ही हल्ली बोलतच नाही, तेव्हा निदान कागदावर तरी बोलावं.

जयपूरला बदली होऊन आम्हाला चार वर्षं झाली. वैशाली नगरात राहतो. आमची जुनी छोटी गाडी साताऱ्याच्या दोन वाऱ्यांतच दमली. इथून सातारा म्हणजे दोन दिवसांचा रस्ता, आणि परतताना बायकोला इंद्रायणी तांदळापासून कंदी पेढ्यांपर्यंत सगळं डिकीत कोंबायचं असतं. तेव्हा मोठ्या डिकीची, मधल्या आकाराची एखादी सेडान घ्यायची, वापरलेली पण नीट सांभाळलेली, असं ठरलं. महिनाभर मी दलालांकडे हिंडलो. "सरजी, मक्खन गाडी है," असं कोणी म्हटलं की त्या मक्खनखाली पोचे बुजवायची पुट्टी किती थापलीय तेवढं बघून मी घरी यायचो.

मग कळलं की मराठी मंडळातले काका त्यांची गाडी विकतायत.

काका सांगलीकडचे. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, खातीपुऱ्यात स्वतःचं घर. दोघं नवरा-बायको आता पुण्याला मुलीजवळ कायमचे राहायला निघाले होते. त्यांच्या नऊ वर्षांच्या चंदेरी सेडानची गोष्ट मंडळात प्रत्येकाला पाठ होती. सहा वर्षांपूर्वी काकांची बायपास झाली, तेव्हा काकू रोज डबा घेऊन स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला जायच्या. अठरा दिवस. त्याआधी काकांनी त्यांना दोनदा गाडी शिकवायला घेतली होती आणि दोन्ही वेळा "तुझ्याच्याने व्हायचं नाही" म्हणून सोडून दिली होती. काकू मग एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गुपचूप शिकल्या. गणपती असो, कोजागिरी असो, चार माणसं जमली की काका सांगायचे, "अठरा दिवस हिने एकटीने गाडी चालवली, आणि एक ओरखडा नाही. आमची जुनी गाडी मी दोनदा घासली होती, हिने एकदाही नाही."

काका तसे कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हेत. आमटीत मीठ कमी पडलं तर पाहुण्यांसमोर सांगतील. बायकोचं एवढं एकच कौतुक त्यांनी केलेलं मी ऐकलंय, पण ते दरवर्षी आणि भरभरून. ते सुरू झालं की काकू चटकन उठून काहीतरी आणायला आत जायच्या. मला वाटायचं, लाजतात.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही दोघं गाडी बघायला गेलो. काकांनी पोर्चमध्ये गाडीवरचं कव्हर काढलं. त्यात पतंगाचा मांजा अडकला होता, तो आधी नीट गुंडाळून खिशात टाकला आणि मग मला म्हणाले, "बघा. ही द्यायची आणि पुण्याला गेल्यावर एक छोटी ऑटोमॅटिक घ्यायची, हिच्यासाठी. माझे डोळे आता गेले, भाजीला आणि बँकेत वर्षभर हीच नेते मला. आता हीच सारथी." काकू दारात उभ्या होत्या. हसल्या. त्या हसण्यात इतका साधा आनंद होता की माझी बायको मला नंतर म्हणाली, तिला त्यांचा हेवा वाटला.

काकांनी सांगितलेली किंमत बाजारापेक्षा चढी होती. मी जरा चुळबूळ केली, तर त्यांनी हात वर केला. "भाव करायचा नाही. ओरखडा दाखवा, मग बोला."

आता माझ्यासारख्या माणसाला ओरखडा दाखवा म्हणणं म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. मी बाह्या सरसावल्या. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं नाही ना, ते बॉनेटवर हात ठेवून बघितलं. ऑइल बघितलं, टायर सगळीकडून सारखे झिजलेत का ते बघितलं, खातीपुरा स्टेशनच्या रस्त्याने एक फेरी मारली, मोकळ्या जागी कचकन ब्रेक लावून स्टिअरिंग सोडून दिलं. गाडी उत्तम होती. हे मी आत्ता लिहितोय. त्या दिवशी तोंडाने फक्त "हं" म्हणत होतो, कारण घेणाऱ्याने कधीही खूश दिसायचं नाही, हा माझा नियम.

परत येऊन मी उकिडवा बसलो आणि गाडीच्या कुशीवरून नजर टाकली. ऊन तिरपं होतं. समोरच्या कडुनिंबाचं प्रतिबिंब दारांवर सरळ पडलं होतं, पण उजव्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आलं की ते किंचित लचकत होतं. मी डिकी उघडली, कडेचं रबर उचलून आत बघितलं. कारखान्यातल्या वेल्डिंगचे सारख्या अंतरावरचे गोल ठसे तिथे नव्हते. काम जुनं होतं आणि फार सफाईचं होतं. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात असं काम करणारे दोन-चार उस्ताद आहेत, त्यांचा हात मी ओळखतो. दुसऱ्या कोणाला जन्मात कळलं नसतं.

तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या. पोर्चमधून सरळ माझ्याकडे न येता गाडीला वळसा घालून आल्या आणि त्या चाकाच्या पुढ्यात, पत्रा झाकला जाईल अशा उभ्या राहिल्या. "पाणी घ्या," म्हणाल्या. "आणि तिळगूळ घ्यायला आत चला आता. नऊ वर्षांची गाडी, तिचं किती ते बघायचं." बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या.

मला सगळं कळलं. पत्र्यापेक्षा चेहरा लवकर वाचता येतो, आणि माझा तर धंदाच तो. अठरा दिवसांत कधीतरी गाडी ठोकली गेली होती, काकूंनी ती गुपचूप दुरुस्त करून घेतली होती, आणि त्यावर सहा वर्षांचं कौतुक उभं होतं. विम्याचा क्लेमसुद्धा केला नसणार, कागदावर यायला नको म्हणून. मला फक्त ग्लास हातात घ्यायचा होता आणि आत जायचं होतं. सांगितलेल्या किमतीला गाडी घेतली असती तरी काही माझं घर बुडत नव्हतं.

मी म्हणालो, "ठेवा तिथे, काकू." आणि खिशातून लोहचुंबक काढलं.

ते आमच्या फ्रिजवरचं होतं, मागे चुंबक लावलेला छोटासा गणपती. निघताना मीच काढून घेतला होता. पत्र्यावर पुट्टी जाड असली की चुंबक धरत नाही, एवढी साधी परीक्षा.

"मिळाला का ओरखडा?" काकांनी हसत विचारलं.

"ओरखडा नाही, काका. इथे मोठं काम झालंय."

"शक्य नाही."

मी गणपती दारावर लावला, चिकटला. टपावर लावला, चिकटला. चाकावरच्या पत्र्यावर लावला, तो घसरून खाली पडला. मी हे अगदी सावकाश केलं. ऑफिसात एखाद्या खोटारड्या क्लेमवाल्याला करून दाखवतो तसं. काकांनी गणपती उचलला आणि स्वतः लावून बघितला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"सर्व्हिसिंगला दिली तेव्हा त्यांनीच ठोकली असणार," ते म्हणाले. "मी उद्या जाऊन विचारतो त्यांना. मला फसवलं म्हणजे काय." त्यांचा आवाज चढायला लागला होता.

"त्यांनी नाही," काकू म्हणाल्या. "मी ठोकली होती. अकराव्या दिवशी, हॉस्पिटलच्या पार्किंगमधल्या खांबाला. तुम्हाला आयसीयूतून बाहेर आणणार होते, मी घाईत होते."

"आणि मग पुढचे दिवस?"

"रिक्षाने येत होते."

काकांनी त्या पत्र्यावरून हात फिरवला. "आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो."

"मी कधी सांगितलं नाही. तुम्हीच सांगत होता."

दुरुस्तीला पैसे कुठून आणले, हे काकांनी विचारलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याच्याच पोर्चमध्ये. "माफ करा. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. तुम्ही म्हणाल ती किंमत."

बायकोने माझी बाही ओढली. "अहो, राहू द्या ना," ती हळूच म्हणाली. मला लाज वाटत होती, पण लाज वाटत असतानाही मी सकाळी घरून मनात धरून आलेला आकडा बोललो. काका "बरं" म्हणाले. काकूंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. मलाही दिला. पाण्याचा ग्लास कुंडीच्या कठड्यावर तसाच होता, तो उचलून त्यांनी पाणी तुळशीला घातलं.

वैशाली नगरात घराशी आल्यावर बायको म्हणाली, "गाडी तुम्हाला आधीच आवडली होती ना?" मी हो म्हणालो. "मग?" मी म्हणालो, व्यवहार व्यवहाराच्या जागी असतो, आणि उद्या आपण विकताना कोणी हेच शोधून काढलं असतं. माझं मलाच ते पटलं नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मार्चमध्ये मंडळाने काका-काकूंना निरोपाचं जेवण दिलं. मी जाणारच नव्हतो, बायकोने नेलं. पुरणपोळीनंतर सगळे गोल करून बसले आणि काकांनी गोष्ट काढली. गोष्ट तीच, पण शेवट नवा. "सहा वर्षं या बाईने थांगपत्ता लागू दिला नाही. अर्धे दिवस रिक्षाने येत होती आणि मी हिच्या ड्रायव्हिंगचे पोवाडे गातोय. यांनी पकडलं म्हणून, नाहीतर मी मरेपर्यंत गात राहिलो असतो. विचारा यांना." सगळे माझ्याकडे वळले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो. त्यात राग नव्हता, हे मला कबूल करायला हवं. रुसवा काढून झाला असेल, आणि आता त्यांनी त्याचा विनोद करून टाकला होता. लोक मनापासून हसले.

कोणीतरी विचारलं, "पुण्याला काकूंसाठी गाडी घेणार होता ना?"

"आता कशाला?" काका म्हणाले. "पुण्यात रिक्षा काय कमी आहेत? आणि हिला रिक्षाची सवय आहे."

पुन्हा हशा झाला. पूर्वी या गोष्टीला काकू उठून आत जायच्या. त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. सगळ्यांबरोबर हसत बसून राहिल्या, आणि मांडीवरची घडी घातलेली शाल उलगडून पुन्हा घडी घालत राहिल्या.

नंतर पानं उचलली जात असताना त्या एकट्या सापडल्या. उरलेल्या पोळ्या डब्यात भरत होत्या. मी जवळ गेलो. घरून वाक्य जुळवून आणलं होतं. "काकू, माझं चुकलं. मला त्या वेळी कल्पना आली नाही, नाहीतर मी काही बोललो नसतो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आली होती," त्या म्हणाल्या. "मी पाणी घेऊन आले, तेव्हाच तुम्हाला कल्पना आली होती."

आवाज नेहमीचाच होता. एखाद्याने बाजारभाव चुकीचा सांगितला तर बरोबर करून सांगावा, तेवढाच. माफी मागायला जाऊन मी तिथेही खोटंच बोललो होतो, आणि सव्वीस वर्षं मी ज्यांना पकडत आलो त्यांच्यासारखंच तोंड घेऊन उभा होतो. त्यांनीच मग विषय बदलला, माझी सुटका करायला.

"गाडी कशी चाललीय?"

"छान चाललीय."

"चालणारच. फक्त थंडीत सकाळी तिसरा गिअर जरा जड पडतो. जोर करायचा नाही, क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांबायचं, मग जातो."

मी बरं म्हणालो. तेव्हा उन्हाळा तोंडावर होता, त्यामुळे ते विसरूनही गेलो.

आता डिसेंबर आहे. रोज सकाळी ऑफिसला निघतो तेव्हा तिसरा गिअर अडतो, आणि मी क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांबतो. जानेवारीतल्या त्या सकाळी मी गाडी बॉनेटपासून डिकीपर्यंत तपासली होती, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.