हळू रं, माणसं झोपल्यात!

“हळू रं! माणसं झोपल्यात!”

रविवारी पहाटे पाच वाजता आमच्या गल्लीत ही हाक उठायची, आणि झोपलेली सगळी माणसं जागी व्हायची. हाक देणाऱ्या आक्का दुकानाच्या पायरीवर उभ्या असायच्या. तोंडावर बोट ठेवलेलं असायचं. म्हणजे त्या बोटाच्या आडूनच ओरडायच्या.

आधीच सांगते, मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कागद समोर आला की अजूनही परीक्षा असल्यासारखं वाटतं. पण आक्कांचा विषय निघाला की मला बोलायची घाई होते. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमची झोप चांगली होत असेल, एवढंच.

मी मूळची बेळगुंदीची. कॉलेजसाठी वडगावात आत्याकडे राहायला आले. तिच्या घरासमोर आक्कांचं किराणा दुकान. वय साठीच्या पुढचं, पदर कमरेला खोचलेला, चालणं भरभर. नात्याने त्या कुणाच्याच आक्का नव्हत्या, पण त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना आक्काच म्हणायची. दुकान होतं त्या खोलीत पूर्वी त्यांचे दोन यंत्रमाग होते. नवराबायकोने समोरासमोर उभं राहून तीस वर्षं ते चालवले. नवरा वारल्यावर माग विकले आणि तिथेच दुकान घातलं. फरशीत मागांच्या पायांचे खड्डे राहिले होते. आक्कांनी त्यात तेलाचे डबे बसवले होते. “माप घेऊन केल्यागत बसल्यात बघ,” असं त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दाखवायच्या.

तीस वर्षं मागाशेजारी काढलेल्या माणसाचे कान काय राहणार? आक्कांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. पण समोरच्याचे ओठ त्या इतक्या पटकन वाचायच्या की नव्या माणसाला कळायचंही नाही.

पहिल्या रविवारी मी दचकून खाटेवरून खाली आले. वाटलं, आग लागली. आत्या कूस बदलून म्हणाली, “झोप गं. आक्कांचा माल आलाय.”

माल पहाटेच यायचा, कारण आमची गल्ली अरुंद. सहा वाजले की दोन्ही बाजूंना स्कूटर लागायच्या आणि मग टेम्पो आत शिरायचा नाही. टेम्पोवाले मामा सज्जन माणूस. वळणावरच इंजिन बंद करायचे आणि उतारावरून टेम्पो अलगद दारात आणायचे. पोतं तर असं ठेवायचे, जणू त्यात बाळ आहे. आवाज फक्त आक्कांचा.

“तांदूळ आत! तेल हितं! हळू रं, माणसं झोपल्यात!”

आणि हे सगळं त्यांच्या मते कुजबुजणं होतं.

आमच्या शेजारी बँकेत नोकरी करणारे एक अण्णा राहायचे. एका रविवारी ते दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आत्याच्या कट्ट्यावर आले. “सहा दिवस मी लोकांचं ऐकून घेतो,” ते म्हणाले, “सातव्या दिवशी तरी कानाला सुट्टी नको?” हळूहळू दहाबारा माणसं जमली. तोंडावर सांगायला कुणीच तयार नव्हतं, कारण आक्का फार चांगल्या होत्या. म्हणून सगळ्यांनी मिळून पालिकेला सांगायचं ठरलं.

“अर्ज ही लिहील,” अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “कॉलेजात हाय.”

खरं सांगते, मला आनंद झाला. गल्लीने मला शिकलेली म्हटलं होतं! आमच्याकडे सरकारी कागद कन्नडमधून लागतो, म्हणून वर कन्नड, खाली मराठी, असा अर्ज झाला. कन्नड अण्णांनी सांगितलं, मराठी मी. ‘पहाटे माल उतरविणे तत्काळ बंद करण्यात यावे.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. किती छान जमलंय, असं वाटलं. त्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सह्या गोळा करत मी गल्लीतून चालले होते, तेवढ्यात पायरीवरून हाक आली, “काय गं ते? कसला अर्ज?”

माझे पाय जागीच थांबले. “आवाजाचा,” मी म्हणाले.

आक्कांनी माझे ओठ वाचले आणि जोरात मान हलवली. “बरोबर हाय! लई आवाज झालाय हल्ली. परवा त्या लग्नात केवढं ते स्पीकर! माझ्या छातीत धडधडत हुतं. आण हिकडं. सही कुठं करू?”

मला ‘नको’ म्हणता आलं नाही. कधीच येत नाही. आक्कांनी पदराला हात पुसले, माझं पेन घेतलं आणि अण्णांच्या सहीखाली स्वतःचं नाव एकेक अक्षर जपून लिहिलं. स्वतःच्याच विरोधातल्या अर्जावर.

पेन परत देताना म्हणाल्या, “चांगलं काम करायलीस बघ.”

मी घरी येऊन तो कागद वहीत दडवला. संध्याकाळी वळणावर टेम्पोवाले मामा भेटले. पहाटेचा माल बंद झाला तर काय होईल, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. मामा म्हणाले, “काय हुतंय? दुकान बंद. डोक्यावरनं कोण पोती आणणार? लेक बोलवायलीच हाय की निपाणीला. पण आक्का काय म्हणती म्हाईत हाय का? लेकीच्या दारात जाऊन नुसतं बसू व्हय, म्हणती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. आक्का म्हणाल्या, “काय पायजे?” मी काड्यापेटी मागितली. मग साबण मागितला. मग आणखी एक काड्यापेटी. आक्का म्हणाल्या, “आत्याला घर पेटवायचं हाय काय गं?”

मग मी बोलले. “आक्का, तो अर्ज तुमच्यावर हाय.”

“काय?”

मी पुन्हा सांगितलं. आवाज न काढता, फक्त ओठांनी. मोठ्याने म्हणायचं धाडस होत नव्हतं.

“टेम्पोचा आवाज येतोय व्हय? सांगते की मी मामाला.”

“टेम्पोचा न्हाय. तुमचा.”

आक्का हसल्या. “माझा? मी तर कुजबुजत असते गं!” हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की पत्र्यावरची कबुतरं उडाली. उडताना ती आम्हा दोघींनाही दारातून दिसली. आक्कांचं हसू तिथेच थांबलं.

त्या साखरेच्या पोत्यावर बसल्या. मग उजवा हात पुढे केला आणि तळवा हळूच खाली दाबला.

“आमचे हे असा हात करायचे,” त्या म्हणाल्या. “लग्नात, देवळात, कुठंबी. माझा आवाज चढला की समोरनं हात खाली. मग मी गप्प. ते गेल्यापास्नं मला कुणी हात केलाच न्हाय. मला वाटलं, सुधारलं आपलं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या नाही. “रडतीस कशाला?” त्या म्हणाल्या.

“तुमची सही खोडते, आक्का.”

“खोडायची न्हाय. आवाज हाय म्हणल्यावर हाय. बरोबर जागी केलिया सही.”

आता माझ्यासारख्या मुलीने तिथून निघून यायचं. पण माझी नजर अजून त्यांच्या हातावर होती, आणि मनात एक प्रश्न उड्या मारायला लागला होता. विचारू की नको, विचारू की नको, असं करत शेवटी विचारलं, “आक्का, मागावर आणखी कुठले हात हुते?”

त्यांचा चेहरा असा उजळला! उठल्याच त्या. “लई हुते की! मागाच्या खडखडाटात तोंडानं कोण बोलतंय?” दोन बोटं एकमेकांपासून तोडली, म्हणजे धागा तुटला. ती जुळवली, म्हणजे गाठ मारली. मुठीवर मूठ आपटली, म्हणजे कांडीवरचा धागा संपला. बोट हवेत गोल फिरवलं, म्हणजे माग चालू कर. अंगठा तोंडाकडे, म्हणजे चहा. गालाखाली तळवे, म्हणजे आता झोपायला चल. नवरा-बायकोचा तीस वर्षांचा संसार त्या दुकानात उभं राहून मला हातांनी दाखवत होत्या. आणि इतक्या वेळात तोंडातून एक शब्द नव्हता!

“आक्का,” मी ओरडलेच, “टेम्पो आला की असंच बोला की!”

पुढचा सगळा आठवडा तालीम. तांदळाचा हात, तेलाचा हात, डाळीचा हात, असे नवे हात आम्ही ठरवले. रोज दुपारी मामा टेम्पो वळणावर लावून शिकायला यायचे. “जल्मभर तोंडानं बोललो, आन् आता हात शिकायचे ह्या वयात!” अशी कुरकुर करायचे. तेलाचा आणि चहाचा हात त्यांना एकच वाटायचा. तेल उतरवा म्हटलं की ते पायरीवर बसून चहाची वाट बघायचे. मी अण्णांकडे जाऊन अर्ज त्यांच्या हातात दिला आणि, दाराच्या चौकटीकडे बघत, तो एक आठवडा थांबवायची विनंती केली. “एकच रविवार हं,” अण्णा म्हणाले. “मी झोपेतनं उठलो, की सोमवारी अर्ज गेला.”

त्या रविवारी मी साडेचारपासून माडीच्या गॅलरीत उभी होते. माझं काम एकच. आक्कांचा आवाज चढला तर हात खाली दाबायचा. छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं, तिच्याच आवाजाने गल्ली उठेल.

पावणेपाच झाले. टेम्पो उतारावरून अलगद आला. आक्का पायरीवर आल्या. रस्त्याच्या दिव्याखाली त्यांचे हात उठले, आणि काय सांगू तुम्हाला! तांदूळ, आत. डाळ, डावीकडे. हळू. सरळ. फिरव. त्या हातांना जराही थांबायची गरज पडत नव्हती. मामा पोत्यामागून पोतं नेत होते, आणि सगळीकडे चिडीचूप.

मग माझं लक्ष गल्लीकडे गेलं. आत्या माझ्या मागेच उभी होती. समोरच्या खिडकीत सासूसून. पलीकडे तिघं भाऊ. अण्णा कानटोपी घालून खिडकीच्या गजांना धरून. आपण जागे होतो की नाही, हे बघायला सगळी गल्ली आधीपासूनच जागी होती!

तेवढ्यात मामांच्या हातून तेलाचा डबा निसटला. पडला नाही, मांडीवर अडला. पण आक्कांचं तोंड उघडलं. मी हात पुढे केला आणि खाली दाबला. माझ्याकडे बघून आत्यानेही दाबला. आक्कांची नजर वर आली. एक क्षण त्या आमच्या हातांकडे बघत राहिल्या. मग तोंड मिटलं, आणि त्यांनी मामांना हातांनी जे काही सुनावलं! त्यातला एकही हात मला शिकवलेला नव्हता, पण अर्थ सगळ्या खिडक्यांना कळला.

शेवटचं पोतं आत गेलं. आम्ही श्वास सोडणार, एवढ्यात ट्रँ ट्रँ करून मोबाईल किंचाळला. अण्णांचा! आक्कांची ही परीक्षा बघायची चुकू नये म्हणून त्यांनी पाचचा गजर लावून ठेवला होता आणि बंद करायचा विसरले होते. अंधारात त्यांना तो सापडेना. गजर वाजतोय, काहीतरी पडतंय, अण्णा पुटपुटतायत, आणि खिडक्याखिडक्यांत तोंडावर पदर, हात, टॉवेल धरून माणसं हसतायत.

आक्कांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. मामांची मान वर वळलेली दिसली, म्हणून त्यांनी वर पाहिलं. प्रत्येक खिडकीत माणूस. त्या गोंधळल्या. मग सगळ्यांकडे बघत दोन्ही तळवे गालाखाली ठेवले. झोपा आता.

सोमवारी अण्णांनी अर्ज माझ्या हातात दिला. “मागची बाजू कोरी हाय,” ते म्हणाले. “गणितं कर तिच्यावर.” मी गणितं केली नाहीत. तो कागद अजून माझ्याकडे आहे, आक्कांच्या सहीसकट.

आता मी पुढच्या शिक्षणासाठी म्हैसूरला असते, हॉस्टेलमध्ये. दुकान चालू आहे. मामाही चहा आणि तेल वेगळं ओळखतात. आक्कांशी फोनवर बोलून उपयोग नसतो, म्हणून रविवारी माल उतरला की आत्या आपला मोबाईल दुकानातल्या बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवते आणि आम्ही हातांनी बोलतो. पेपर कसा गेला? धागा तुटला होता, गाठ मारली. जेवलीस का? इकडे सगळं चालू आहे, असं म्हणून बोट हवेत गोल फिरतं. माझी खोलीतली मैत्रीण धारवाडकडची आहे, तिला मराठी येत नाही. ती शेजारच्या खाटेवर झोपलेली असते आणि तिची झोप मोडत नाही. कधी जागी असली, तर आमचे हात बघत पडून राहते.

गेल्या रविवारी मी निकाल सांगितला. पहिला वर्ग. मी बोट वर केलं आणि नाचवलं. आक्कांना क्षणभर कळेना, मग कळलं. त्यांनी काउंटरवर दोन्ही हात आपटले. मी घाईने मोबाईल फिरवून, मागे मैत्रीण झोपलीय, हे दाखवलं. आक्कांनी लगेच तोंडावर बोट ठेवलं आणि आमच्या वडगावच्या गल्लीपासून म्हैसूरच्या हॉस्टेलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“हळू गं! माणसं झोपल्यात!”

माझा हात वर जाण्याआधीच शेजारच्या खाटेवरच्या चादरीतून एक हात बाहेर आला. मैत्रिणीने डोळेही उघडले नव्हते. तो हात हवेत जरासा थांबला, आणि मग तळवा हळूच खाली दाबला गेला.

बरणीसमोर आक्का एकदम गप्प झाल्या.