मी उतरायची ती घाटी

शेजाऱ्यांच्या गाडीच्या जळक्या ऑइलचा वास आला नि आमची ती छोटी मोटरसायकल आठवली. खडकाळ वाटेनं बिनबोभाट जायची, पण पावस गावच्या वाटेवरच्या घाटीत दोघांना ओढायची नाय. मग मी उतरून चालत चढायची.

त्या दुपारी आमच्या दोन वर्षांच्या सुमीला टाकीवर बसवली, पंच्यानं ह्यांच्या पोटाशी बांधली नि मी उतरले. धापा टाकत वर पोचले, सीटला नुसता हात टेकला, तर बसले समजून हे निघालेच! पोर पडेल म्हणून मी ओरडत धावले. मग पायच उचलेनात. काजूच्या सावलीत कातळावर बसले. मांडीवर कोण नाय, हाक मारणारं कोण नाय. डोळे मिटले.

हे परत आले ते हसतच. "अगो, मी मघापासून बोलतोय, तू हूं पण करीत नाहीस!"

सुमी म्हणाली, "आई सांडली."

मीपण हसले. पण लांबून गाडीचा आवाज आला तेव्हा, पोर सुखरूप दिसायच्या आधीच, मनात आलं होतं, अजून थोडा उशीर झाला असता तर बरं! तेव्हा माझी मलाच भीती वाटली, कोणाला सांगितलं नाय. आता वाटतं, वीस वर्षांची होते, दमले होते, एवढंच.