चढाईत सुटलेला दम

मालाडच्या आमच्या मैदानावर कबड्डी शिकवणारे सर प्रत्येक मुलीच्या आईला ‘ताई’ म्हणत. मलाही म्हणत. मग एका सोमवारी म्हणाले नाहीत. ‘अहो...’ एवढंच तोंडातून निघालं, पुढचा शब्द गिळला, आणि लेकीची पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबून कानापर्यंत लाल झाले. मी चाळिशीला टेकलेली, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली, अकरा वर्षांच्या मुलीची आई. त्या दिवशी भाजीवाल्याला पैसे दिले आणि कोथिंबीर तिथेच विसरून घरी आले.

ते नुसते शिकवत नव्हते, एका कंपनीच्या संघातून खेळतही होते. वय सदतीस, डाव्या गुडघ्याला कायमची पट्टी, लग्न खेळापायी राहून गेलेलं. दिवाळीनंतर एका सकाळी बाकावर माझ्या शेजारी हातभर अंतर सोडून बसले आणि म्हणाले, “मला तुमच्या घरी यायचंय. म्हणजे, राहायला.” लग्नाचं असं कुणी विचारतं का? मी इतकी हसले की सराव करणाऱ्या पोरी थांबून बघायला लागल्या. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, “चालेल ना! मग मला कॅप्टन करतील?”

प्रश्न सासूबाईंचा होता. गेला तो त्यांचा एकुलता एक मुलगा. तो गेल्यावर त्यांनी नातीला सांभाळलं, मला नोकरीवर पाठवलं, आणि गावच्या नातेवाइकांनी माझ्या वागण्याबद्दल काही विचारलं की फोन आपटला. त्यांचं मन मोडून मला कुणाशीच संसार करायचा नव्हता. तसं मी सरांना स्पष्ट सांगितलं होतं. तीन आठवडे रोज सकाळी मी ठरवायचे, आज सासूबाईंना सांगायचं. रोज त्यांच्या चहात दुप्पट साखर घालून कामावर निघून जायचे.

तेवढ्यात आमच्याच मैदानावर सरांच्या संघाचा अंतिम सामना आला. सासूबाई त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, “मी पण येतंय.” माझे सासरे गिरणीच्या संघात खेळायचे, त्यामुळे बाईंना नियम पंचापेक्षा पाठ. पुढच्या रांगेत खुर्ची पकडून त्या बसल्या, शेजारी मी, पलीकडे लेक.

शेवटची चढाई. दोन्ही संघ बरोबरीत, एक गडी टिपला की चषक. सर ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत पलीकडे घुसले. एका दमात म्हणत राहायचं, आवाज थांबला की गडी बाद, हे अकरा वर्षांच्या पोरींना तेच शिकवतात. आणि मी काय केलं? उठून दोन्ही हात हलवले, लग्नाच्या वरातीत हलवतात तसे. त्यांनी बघितलं. हसले. आवाज बंद!

शिट्टी वाजली. ते बाद, समोरच्यांना गुण, सामना गेला. सगळं मैदान हळहळलं आणि मी मात्र हात हलवतच राहिले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

“मेल्याचो दम सुटलो खंय बघून?” सासूबाई कडाडल्या. मग सर जिकडे बघत होते तिकडे त्यांनी मान वळवली. तिकडे मी, हात अजून वर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, परत माझ्याकडे. मी हळूच खाली बसले.

सामन्यानंतर आम्ही तिघी रिक्षाने निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “किती दिवस?”

“चार महिने. पण आई, तुम्ही नको म्हणालात तर...”

“माझ्या झिलाचो फोटो भितीवरसून काढूचो नाय.”

“तुमच्या मुलाचा फोटो कधीच हलणार नाही,” म्हणताना मला रडू फुटलं.

त्यांनी पदराने माझं तोंड खसाखसा पुसलं, लहान मुलीचं पुसावं तसं. “मगे उद्या तेका जेवक बोलव. माका बोलूचा आसा तेच्याशी. चढायेक गेल्यावर बायलेकडे बघूचा नसता, इतक्या कळना नाय तेका?”