लॉक करण्याआधीचा मंगळवार

बारावीनंतर कुठे शिकायचं, हे तुम्ही स्वतः ठरवलं होतं का? नीट आठवून सांगा.

माझं ठरवणं आर्वीच्या बसस्थानकासमोरच्या नेट कॅफेत दहा मिनिटांत उरकलं होतं. मी फक्त खुर्चीवर बसले होते. आमच्या रोहणा गावाकडची सगळी मुलं इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला तिथेच जातात. कॅफेवाले भाऊ सगळ्यांचा पासवर्ड एकच ठेवतात, कारण मुलं विसरतात. कॉलेजांच्या पसंतीची यादीही एकच. गेल्या वर्षी एका हुशार मुलीला वर्ध्याजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मिळाली, तिचीच यादी ते सगळ्यांना लावतात. मग शेवटच्या संध्याकाळी सगळे फॉर्म एकदम लॉक करतात; त्यानंतर काही बदलता येत नाही.

"तुले काय बनाचं हाय?" भाऊंनी विचारलं.

"नक्की नाही."

"मंग तं सोपंच हाय. ज्याचं ठरलं असते तोच डोकं खाते, बाप्पा."

मागे रांगेतली मुलगी म्हणाली, "लवकर आटप ना वं, आमची गाडी जाते." मी उठले. भाऊंना थँक्यूसुद्धा म्हणाले.

घरी आईने विचारलं, "कोनतं भरलं?" मला पहिलं नाव सांगता आलं. दुसरं नाही.

माझे बाबा शाळामास्तर. शाळा सुटली की लोकांनी प्रश्न विचारावेत म्हणून पत्रकं लिहायचे. अक्षरं मी पाठ्यपुस्तकाआधी त्या पत्रकांवर ओळखली. नववीत असताना आठवडी बाजारात मी एक पत्रक वाटलं होतं: 'वाचल्याशिवाय सही करू नका.' जंगलात कामाला जाणाऱ्या एका मावशीने ते उलटंसुलटं करून विचारलं होतं, "अन् वाचून कोन दाखवन वं? तू?" मी तिथेच धुळीत बसून तिला तिच्या हातातला दुसराच एक कागद वाचून दाखवला होता. त्या दिवशी मी स्वतःला फार मोठी समजले.

बाबांनी माझ्या यादीची प्रिंट हातात घेतली. "हे तू वाचलं काय?"

मी प्रिंट परत ओढून घेतली. चिडलेही. सगळ्या जगाला प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या घरात मला एकही प्रश्न सुचला नव्हता, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागणार होतं. सोमवार होता. बुधवारी संध्याकाळी लॉक.

रात्री कूस बदलून बदलून चादर गोळा झाली. मंगळवारी सकाळी मी एकटीच वर्ध्याच्या एसटीत बसले. गाडीत सावंगीच्या दवाखान्यात निघालेले लोक होते, तिथेच नर्सिंग शिकणाऱ्या दोघी होत्या. कुठे उतरायचं ते सगळ्यांना माहीत होतं. मला त्यांचा उगाच राग येत होता.

यादीतल्या पहिल्या कॉलेजच्या गेटवर वॉचमन काका म्हणाले, "कोनाले भेटाचं हाय?"

"कोणालाच नाही."

"मंग काऊन आली?"

"बघायला."

"पाहा मंग," ते म्हणाले, "पन तिकडं सावलीत बसजो."

चहाच्या टपरीवर कॉम्प्युटरची एक मुलगी भेटली. मी विचारलं, "ताई, आज दिवसभर काय केलं तुम्ही?"

ती हसली. "हे कोनी इचारत नाई वं. सगळे पॅकेज इचारते." मग सांगू लागली. सकाळपासून प्रोग्राम चालत नव्हता, एक चूक शोधण्यात तीन तास गेले, शेवटी सापडली. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मी ऐकत होते आणि माझ्या आत काहीच हललं नाही. एवढं कळायला मला इतक्या लांब यावं लागलं.

मग सिव्हिलची दोघं आली, बुटांवर पांढरी धूळ, खांद्यावर मोजणीच्या यंत्राची तिपाई. मागच्या वस्तीत नालीचा उतार मोजून आली होती. "लोकच गोया झाले आमच्याभोवती," त्यातला एक म्हणाला. "पानी आमच्याच घरात काऊन घुसते, इचारून राह्यले. आता आमी काय सांगाव?"

"मग काय सांगितलं?" मी विचारलं. मग उतार कसा मोजतात, नाली चुकीची निघाली तर कोणाला सांगता, ते ऐकतात का. माझे प्रश्न संपेनात, दोघंही वैतागली. माझी परतीची पाचची गाडी गेली.

बुधवारी मी कॅफेत यादी रिकामी करायला सांगितली. सिव्हिलची पाच कॉलेजं भरली, पाचही नावं मोठ्याने वाचली.

"एवढीशीच? नंबर नाई लागला तं?" भाऊ म्हणाले. "तुह्या भल्याचंच भरलं होतं ना माय."

खरंच भल्याचं भरलं होतं. म्हणून भांडता येईना. "नाही लागला तर माझा नाही लागणार," मी म्हणाले, पासवर्ड बदलला आणि लॉक केलं.

इंजिनीअर व्हायचं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. निकाल यायचा आहे. मी दिवसातून चार वेळा फोन उघडते.

पण तुमच्या घरात कोणी यादी भरत असेल, तर एवढं करा. लॉक करण्याआधी त्याला कुठल्याही साध्या दिवशी एसटीत बसवून त्या कॉलेजच्या गेटवर पाठवा. सोबत जाऊ नका. बाहेर पडणाऱ्याला एवढंच विचारायला सांगा: आज दिवसभर काय केलं?