तेरा दारांचा रस्ता

समरकंदला मी एकोणीस वर्षं राहिले, आणि तेवढ्या काळात चपलांचे किती जोड झिजवले ते देवालाच ठाऊक. बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, सगळं पायी. डोक्यावर चिनार, कडेला पाटाचं पाणी, मे महिन्यात पायाखाली तुतीचा सडा. ऊन म्हणून लागायचं नाही. आता मी मुलीकडे असते, तिथे समोरच्या दुकानात जायलाही गाडी काढतात. समरकंद आठवलं की आधी कानात खराट्यांचा आवाज येतो, आणि मग रिसोलत-ओपा दिसतात.

ओपा म्हणजे ताई. त्या आमच्या शेजारच्या. एकतीस वर्षं त्यांनी त्या शहरात पायी टपाल वाटलं. कुणाच्या अंगणातले जर्दाळू गोड, कुठल्या घरी पत्र वाचून दाखवावं लागतं, सगळं पाठ. साठीनंतर दृष्टी गेली, तरी कोपऱ्यावरच्या भट्टीतून रोजचे दोन नान त्या स्वतःच आणायच्या. त्यांच्या घरापासून भट्टीपर्यंत तेरा दारं. पाटाचं पाणी उजव्या कानाशी ठेवायचं आणि चालायचं.

एका उन्हाळ्यात पाटावर सिमेंटच्या लाद्या बसल्या. पाणी खालून वाहत राहिलं, आवाज तेवढा बंद झाला. दोन दिवसांनी ओपा भट्टी ओलांडून थेट मोठ्या रस्त्यावर गेल्या. एका टॅक्सीवाल्याने घरी आणून सोडलं. त्यांचा मुलगा एर्किन ताश्कंदला नवव्या मजल्यावर राहायचा. पुन्हा असं झालं तर तुला इकडे घेऊन येईन, असं त्याने फोनवर सांगितलं. वाईट नव्हता तो, घाबरला होता.

ओपांचं जेवण तुटलं. मला म्हणाल्या, "नवव्या मजल्यावर या पायांचं करू काय?"

तिकडे पहाटे सुनेने दारापुढचा रस्ता झाडून पाणी शिंपडायचं, अशी रीत. उजाडल्यावर खराटा धरला तर सासू दिवसभर ऐकवते. ओपा आता त्याच वेळेला बाहेर पडू लागल्या. एका दारचा खराटा मागे टाकायचा, पुढच्या दारचा ऐकायचा, असं करत भट्टी गाठायच्या. आमचं कुणाचं कुणाशी बोलणं झालं नाही, पण आठवडाभरात आम्ही सगळ्याच त्या जाऊन परत येईपर्यंत झाडत राहायला लागलो. पहिलं दार माझं, दुसरं मस्तुराचं. ती नवी सून, एकोणीस वर्षांची.

एकदा ओपा मधेच थांबून म्हणाल्या, "पोरींनो, दगड झिजवाल. सासवांना नवी फरशी घालावी लागेल."

मस्तुराची सासू हदिचा आतून म्हणाली, "आमच्या सुनेचा हात तुमच्यापुरताच चालतो, ओपा. घरात केर जिथल्या तिथे."

म्हणजे आम्ही कुणासाठी झाडतो ते ओपांना कळलेलं होतं.

अशी दोन वर्षं गेली. मग जानेवारीत बर्फावर पाय घसरून ओपांचं मनगट मोडलं. एर्किन आला तो पुढ्यात बसून रडलाच. मुलाच्या रडण्यापुढे ओपांचं काही चाललं नाही. प्लास्टर निघालं की एप्रिलमध्ये जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी पहाटे मी उठले, खराट्याला हात घातला आणि मागे घेतला. माणूस गावाला निघालं की त्याच्या मागे झाडायचं नाही. झाडलं तर ते परत येत नाही. हे तिकडेही मानतात, आपल्याकडेही. रस्त्यावर सगळं शांत. तेरा घरांत प्रत्येकीच्या मनात तेच आलं होतं.

आणि ओपा पिशवी घेऊन बाहेर आल्या. शेवटचे दोन नान आणायला. दारातून एक पाऊल टाकलं आणि थबकल्या. मान या बाजूला वळवली, त्या बाजूला वळवली. मी दारात उभी. खराटा समोर होता, पण माझा हात उठेना.

मस्तुराने आपला उचलला. हदिचाने तिचं मनगट धरलं. "आज नको गं. निघाल्यात त्या."

ओपांनी ऐकलं. म्हणाल्या, "झाड, बेटा. परत येणं अल्लाच्या हातात. आजचा नान तुझ्या हातात आहे."

हदिचाने हात सोडला. मस्तुरा झाडू लागली. मग मी, मग पुढची, मग त्याच्या पुढची. ओपा सावकाश भट्टीपर्यंत गेल्या आणि गरम नान छातीशी धरून परत आल्या. एर्किन दारात उभा राहून बघत होता. आठ वाजता गाडी निघाली.

नोव्हेंबरात एका मध्यरात्री फोन आला. ओपा झोपेतच गेल्या. माती समरकंदची हवी असं सांगून ठेवलं होतं, म्हणून एर्किन त्यांना घेऊन रात्रीच निघाला होता.

मस्तुरा ओट्याच्या पायरीवर बसून राहिली. कुणी तिला बोललं नव्हतं, पण माझ्या हाताने झालं, हे एकच तिच्या तोंडी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात नाम घेत राहिले. दुसरं काय करणार?

पहाटे हदिचा आतून खराटा घेऊन आली आणि सुनेच्या हातात दिला.

"ऊठ. ओपा येतायत. त्यांना दार सापडायला नको?"

त्या दिवशी खराटे भट्टीकडून सुरू झाले. तेराव्या दारापासून एकेक करत मस्तुरापर्यंत आले, मग माझ्यापर्यंत. गाडी येऊन ओपांच्या दाराशी थांबली, तरी आम्ही झाडतच होतो.