गिरणीवाल्या अक्कांना कादंबरी सुचवणं

निवृत्त झाल्यावर मी सीमाभागातल्या, मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या खटकचिंचोळीत येऊन राहिलो, तेव्हा माझ्याबरोबर दोन कपाटं भरून पुस्तकं आली. पण पुस्तकांच्या आधी माझी कीर्ती येऊन पोचली होती. तीस वर्षं याच भागातल्या शाळांत मराठी शिकवलेल्या माणसानं सगळं वाचलेलं असणार, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. मीही ते खोडून काढायच्या फंदात पडलो नाही.

पहिल्याच महिन्यात ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत गेलो. गिरणी चालवणाऱ्या बाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. माहेर हळ्ळीखेडचं, शाळा कन्नड. मराठी वाचायला शिकल्या त्या सासरी आल्यावर, नवऱ्याकडून. तो जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. लाइट गेलेली असल्यामुळे गिरणी शांत होती आणि अक्का पोत्याला टेकून कव्हर फाटलेली एक कादंबरी वाचत होत्या. त्यांनी शेवटचं पान संपवलं, पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "सर, आता काय वाचू?"

आज भाजी काय करू, असं विचारावं तसं.

"कसलं आवडतं तुम्हाला?"

"माणसं असल्यालं."

मी खुशीत घरी आलो. असा वाचक मिळायला नशीब लागतं. दुसऱ्या दिवशी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी नेऊन दिली. चार दिवसांत परत आली.

"राजा बोलतो लई," अक्का म्हणाल्या. "राज्य कवा करतो कोण जाणे."

मग मी शहरातली प्रेमकथा दिली. नाजूक, तरल वगैरे. ती दोनच दिवसांत परत आली. "दोघं नुसतं चहाच पिऊन राहिले, सर. दोनशे पानं! एकानं तरी तोंड उघडून म्हणायचं की."

म्हटलं, बाईंना मातीतलं काहीतरी द्यावं. खेड्यातल्या दुःखाची एक कादंबरी दिली, जी शिकवताना माझाच आवाज दाटून यायचा. ती मात्र आठवडाभर राहिली. मी आशेनं गेलो.

"ह्यातल्या बाईला एकदा बी हसू आलं न्हाई," अक्का म्हणाल्या. "कामून? हितं दळणाला किती बाया येतेत. कुणाच्या घरी काय, कुणाच्या घरी काय. पण हसतेत की."

मला थोडा राग आला. त्याच रागात मी कपाटाच्या वरच्या फळीवरून आठशे पानांची ती कादंबरी काढली. एका मित्रानं भेट दिलेली. ती अक्कांच्या हातात ठेवून वर्गात बोलायचो त्या आवाजात म्हणालो, "ही वाचल्याशिवाय माणसाला वाचक म्हणवून घेता येत नाही."

"व्हय का?" म्हणत त्यांनी पीठ झटकून ती घेतली.

मी स्वतः साठाव्या पानाच्या पुढे गेलो नव्हतो, हे सांगायची तेव्हा गरज वाटली नाही.

दोन आठवड्यांनी दळण घेऊन गेलो, तर गिरणीत चार-पाच बाया डबे घेऊन बसलेल्या. अक्कांनी पट्टा थांबवला. "सर, वाचलं बघा तुमचं पुस्तक. एक इचारू? त्या धाकट्या सुनेनं शेवटी केलं ते बरं केलं का?"

मी घसा साफ केला. "त्याला दोन बाजू आहेत, अक्का."

"कोणत्या?"

"म्हणजे... तिची परिस्थितीच तशी होती. दुसरी कुणी असती तरी तेच केलं असतं."

"व्हय की," अक्का गंभीरपणे म्हणाल्या. "पण सर, त्यात धाकटी सून न्हाईच. एकच लेक हाय, आन त्याचं लगीन बी होत न्हाई."

आधी एक बाई पदरात तोंड घालून हसली, मग सगळ्याच.

"आन बासष्टाव्या पानाफुडची पानं एकमेकाला जोडलेलीच व्हती. कापायची राहिल्याली. मी इळीवर कापून वाचली."

मी दळणाचा डबा आणि कादंबरी, दोन्ही उचलून चालू लागलो. मागून अक्कांचा आवाज आला, "आता तुमी वाचा. मी धाकट्या सुनेचं इचारत न्हाई!"

घरी येऊन मी खरंच वाचायला बसलो. पहिली शंभर पानं नेटानं ढकलली. मग गोडी कधी लागली ते कळलंच नाही. माझ्या आधी अक्का तिथून गेल्याच्या खुणा जागोजाग होत्या. समासात पिठाचे अंगठे. जिथं भांडणं होती, तिथं तर पानं पांढरी झालेली. एका प्रकरणात मात्र पिठाचा कणही नव्हता. त्यात नवरा अंथरुणाला खिळलेला आहे आणि बायको रोज त्याच्या उशाशी बसून गावातल्या बातम्या सांगते. अर्ध्याअधिक स्वतःच रचलेल्या, कारण खऱ्या बातम्यांत त्याला हसवण्यासारखं काही नसतं.

पुढच्या खेपेला मी अक्कांना त्या प्रकरणाबद्दल विचारलं. त्या वेळी गिरणीत दुसरं कुणी नव्हतं.

"ते हितं न्हाई वाचलं," त्या म्हणाल्या. "घरी नेलं. हात धुऊन वाचलं." मग डब्यावरचं झाकण नीट बसवत म्हणाल्या, "आमच्या ह्यांना मी बी असंच सांगायची. त्यांना कळायचं, मी रचायलीय म्हणून. तरी फुडं काय झालं, इचारायचे."

मी डबा उचलला. त्या दिवशी मी पुस्तकाचा अर्थबिर्थ काही सांगितला नाही.

त्यानंतर सुचवायचं काम अक्कांकडे गेलं, कसं ते दोघांनाही सांगता येणार नाही. सध्या त्यांनी मला हळ्ळीखेडहून बहिणीकडून आणलेली एक कन्नड कादंबरी वाचायला लावलीय. इतकी वर्षं या भागात काढून मला कन्नड येतं ते बसच्या पाट्यांपुरतं. ओळीखाली बोट ठेवून वाचतो. अडलेले शब्द कागदावर उतरवून गिरणीत नेतो, आणि अक्का दळता दळता ओरडून अर्थ सांगतात. बसलेल्या बायांना माझे उच्चार फार आवडतात.

"कुठवर आलाव, सर?" परवा त्यांनी विचारलं.

"दुसरं प्रकरण चालू आहे."

"सावकाश वाचा. तिसऱ्यात ती पोरगी घर सोडून जाती, मग बघा कशी मजा येती."

"अक्का! सांगून टाकलंत की हो सगळं!"

"त्याला काय हुतंय," त्या ज्वारी ओतत म्हणाल्या. "तुमाला तिथवर पोचायला दिवाळी उजाडंल. तवर इसरताव."